येणी, देणी आणि नारायण वामन टिळक

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेसहाला मी स्वारगेटहून कोल्हापूरची एसटी पकडली. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप नव्हता, ही माझ्यापुरती बातमीच. त्याऐवजी एक प्लॅस्टिकचं फोल्डर होतं आणि त्यात बँकेचा अर्ज होता. गृहकर्जाची मुदत वाढवून महिन्याचा हप्ता कमी करून मिळावा म्हणून. अर्जावर वहिनीच्या सह्या झाल्या होत्या. सहकर्जदाराच्या, म्हणजे दादाच्या, बाकी होत्या.

दादा माझा चुलतभाऊ. दोघंही कॉम्प्युटर इंजिनिअर. मी त्याच्याच नोट्स वाचून पास झालो आणि त्यानेच दिलेल्या रेफरन्सवर पहिल्या नोकरीला लागलो. दीड वर्षापूर्वी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने राजीनामा दिला आणि कोल्हापूरच्या अलीकडे एका छोट्या आश्रमात राहायला गेला. त्याला कोणी फसवलं नव्हतं, कोणी पैसे उकळले नव्हते, ऑफिसात काही बिनसलंही नव्हतं. उलट त्या वर्षी त्याला बढती मिळाली होती. त्याला मनापासून वाटलं की उरलेलं आयुष्य देवाचं आहे. इतकंच.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा दोन तट पडले. काकू रडत होती. आत्याने हात जोडलेले इमोजी टाकून लिहिलं की कुळाचा उद्धार झाला. कोणीतरी लगेच 'केवढा मोठा त्याग' असं लिहिलं आणि मग सगळ्यांनी तेच लिहिलं. दादाचा शेवटचा मेसेज होता की माझी काळजी करू नका, देव पाहून घेईल. त्याखाली वहिनीने, त्या सगळ्या धामधुमीत एकदाच, उत्तर दिलं: "काळजी नाही. अधूनमधून सही लागेल."

त्या वाक्यावर काय बोलावं हे कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

महिन्याभराने वहिनीने मला एक पुस्तक वाचायला दिलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. नाव शाळेत ऐकलेलं, कुठल्यातरी इयत्तेत एक उताराही होता. पुस्तक मात्र कधी हातात घेतलं नव्हतं. ते वाचलं, मग त्यातल्या टिळकांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. हा लेख त्या वाचनाचा आहे. एसटीत बसून मी त्याच पुस्तकाची पानं पुन्हा चाळत होतो, कारण दादासमोर बसून काय बोलायचं हे मला ठरवता येत नव्हतं.

*

नारायण वामन टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे सांगावं लागतं, कारण ऑफिसात मी टिळक म्हटलं की पोरं आपोआप केसरीवर जातात. हे दुसरे. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मले. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता तुमच्या आईवडिलांना पाठ असेल, ती यांची. बालपणी कल्याणला शिकले, मग नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत आणि काव्य. पुढे थोडं इंग्रजी. शिक्षण तिथेच थांबलं, कारण पोट भरायचं होतं. मग मास्तरकी, भिक्षुकी, छापखान्यात खिळे जुळवणं असं सगळं केलं. एका जागी टिकत नसत. न सांगता घरातून निघून जायची सवय त्यांना धर्मांतराच्या कितीतरी आधीपासून होती, हे लक्ष्मीबाई मिश्कीलपणे पण स्पष्ट सांगतात.

१८८० च्या सुमाराला त्यांचं लग्न झालं. ते अठरा-एकोणीस वर्षांचे, मुलगी अकरा-बारा वर्षांची. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू. सासरी ती लक्ष्मी झाली. तिचे वडील सोवळ्याचे इतके कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. वडिलांच्या या सोवळ्याची कथा 'स्मृतिचित्रे'च्या सुरुवातीलाच येते. पहिल्यांदा वाचताना मी ती विनोद म्हणून वाचली. पुढचं कळल्यावर तसं वाचता येत नाही.

१८९१ च्या सुमाराला टिळकांना नागपूरला बरं काम मिळालं. आप्पासाहेब बुटी नावाच्या धनिकांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं भाषांतर आणि 'ऋषी' या मासिकाचं संपादन. सभांमध्ये बोलत, शीघ्रकवी म्हणून नाव होतं. १८९३ मध्ये ते नागपूरहून आगगाडीने राजनांदगावला निघाले. तिथल्या संस्थानात नोकरी होती. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने बायबल हातात दिलं आणि म्हणाला की तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते पोरकट वाटलं असणार. पण पुस्तक त्यांनी वाचलं, आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. त्याआधीच त्यांच्या डोक्यात जातिभेद नसलेल्या एका धर्माचा आराखडा घोळत होता, आणि हिंदुस्थानाला त्याची गरज आहे असं त्यांना वाटत होतं. आपण आखत बसलो होतो ते कोणीतरी आधीच सांगून, जगून गेलंय असं त्यांना वाटलं.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मिशनऱ्याचं भाकीत जेमतेम खरं ठरलं.

बायकोला त्यांनी सांगितलं नव्हतं.

*

१८९५ मध्ये चित्पावन ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे काय, याचा अंदाज आज येणं कठीण आहे. मला एका चहाने तो आला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. त्यानंतर मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे पती) यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहाच्या त्या एका पेल्यावरून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेल्या रानड्यांसारख्या माणसाने १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली, पण रानड्यांना घर होतं, नातेवाईक होते, लग्नकार्यं होती.

मिशनऱ्यांच्या घरचा चहा प्यायल्यावर हे. आणि टिळकांनी त्यानंतर पाचव्या वर्षी थेट बाप्तिस्मा घेतला.

जातीबाहेर गेलेल्या माणसासाठी जुन्या धर्मशास्त्रात एक विधी होता. पाण्याने भरलेला घट फोडायचा. तो माणूस आपल्याला मेला. याला घटस्फोट म्हणत. आज आपण हा शब्द नवरा-बायकोच्या काडीमोडासाठी वापरतो. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिलो. कुटुंबाने माणसाशी घेतलेल्या फारकतीसाठी होता तो.

टिळकांनी काय सोडलं, याची यादी लोक करतात: जात, पंडित म्हणून असलेला मान, आश्रयदाते, श्रोते. ज्या घरांत त्यांच्या कवितेला दाद मिळायची, त्या घरांच्या ओट्याखाली ते उतरले. ते गेले ती अमेरिकन मराठी मिशनची मंडळी मोठ्या प्रमाणावर महार आणि मांग समाजातून आलेली. त्या माणसांना ख्रिस्ती झाल्यावर शाळा मिळत होती, माणूस म्हणून हाक मिळत होती. टिळकांचा प्रवास उलट दिशेचा. तो त्यांनी डोळे उघडे ठेवून केला, याबद्दल मला तरी शंका नाही.

पण यादीत एक नोंद राहून जाते. ब्राह्मण असणं ही त्यांची एकट्याची मालमत्ता नव्हती. ती बायकोचीही होती. तिच्या अंगावरचा तो एकमेव दागिना म्हटलं तरी चालेल, कारण टिळकांच्या हाती पैसा कधी टिकला नाही.

*

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. माझ्याच आसपासच्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. लिहायला-वाचायला नवऱ्यानेच शिकवलं होतं. पदरात दत्तू हा लहान मुलगा. त्याआधी मुलं दगावलेली. बातमी आली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या. पुढचे दिवस नातेवाईक त्यांच्यावर पाळत ठेवून होते, जिवाचं काही बरंवाईट करून घेतील म्हणून.

त्या काळात नवरा मेला तर बाईचं काय करायचं, हे समाजाने क्रूरपणे का होईना, ठरवून ठेवलं होतं. नवरा धर्म सोडून गेला तर काय, हे ठरलेलं नव्हतं. कुंकू लावायचं की नाही? मंगळागौरीला बोलवायचं की नाही? मुलाची मुंज कोण लावणार? सवाष्ण म्हणून ओटी भरावी तर नवरा 'मेलेला', आणि विधवा म्हणावं तर नवऱ्याची पत्रं येतायत. टिळक पत्रं लिहीत होते. लक्ष्मीबाईही त्या काळात कविता लिहू लागल्या. दुःखाने कवी केलं वगैरे मी म्हणणार नाही. त्यांना बोलायला माणूस नव्हतं आणि अक्षरं येत होती, एवढं दिसतं.

इथे एक कायदा मध्ये येतो, आणि तो वाचल्यापासून टिळकांबद्दलचं माझं मत थोडं बदललं. खरं तर दोन कायदे. पहिला १८५० चा. त्यानुसार धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कोणाचा वारसाहक्क जात नसे. दुसरा १८६६ चा. ख्रिस्ती झालेल्या माणसाची बायको किंवा नवरा त्या कारणाने सहा महिने सोबत राहायला तयार नसेल, तर त्याला कोर्टात जाता येई. कोर्ट समोरच्याला विचारी, वर्षभर फेरविचाराला देई, आणि तरीही नकार असेल तर लग्न मोडल्याचं जाहीर करी. मग दोघंही पुन्हा लग्न करायला मोकळे.

म्हणजे टिळकांना रस्ता खुला होता. तेहतीस वर्षांचा, बुद्धिमान, मिशनमध्ये सगळ्यांना हवा असलेला माणूस. दीड-दोन वर्षांत नव्या समाजात नवं घर मांडता आलं असतं. ते त्या रस्त्याने गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. चार वर्षांहून जास्त.

न सांगता जाण्याचा अपराध यामुळे धुऊन निघतो का? मला वाटतं, नाही. पण निघून गेल्यावरही हे आपलं देणं आहे असं मानणारा माणूस वेगळा असतो, एवढं मात्र वाटतं.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या. (तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, आमच्याकडे तेव्हाही नगर, आताही नगर.) आल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. वेगळी चूल, वेगळं पाणी, आपलं सोवळं आपल्यापाशी. नवऱ्याने देवासाठी सगळं सोडलं होतं आणि त्याच घरात बायको देवासाठी काहीही सोडायला तयार नव्हती. दोघंही आपापल्या देवाशी प्रामाणिकच होते की! दादाच्या बाबतीत सगळे त्यागाबद्दल बोलत होते, तेव्हा मला हीच गोष्ट कोणाला समजावून सांगता येत नव्हती. वहिनी रोज सकाळी चिऊचा डबा करते, मग गुरुवारचा उपास धरून लोकलसारख्या भरलेल्या पीएमपीने ऑफिसला जाते. निष्ठेचा फोटो काढायचा ठरवला तर कोणी तिचा काढणार नाही.

लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं ते राहुरीला, आणि ते कसं सुटलं हे त्यांनी असं लिहून ठेवलंय की माझ्या मते त्या पुस्तकातला तो सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. तिथे कोणी उपदेश केला नाही, चमत्कार झाला नाही. त्यांनी विचार केला. देवाने माणसं जातीजातीत वेगळी घडवली असती, तर जनावरांसारखा काहीतरी दिसणारा फरक ठेवला असता; त्याने बाई आणि पुरुष एवढेच केले; म्हणजे बाकीचे भेद माणसांचे. ही गाठ सुटली आणि त्यांनी टिळकांना सांगून टाकलं की आता मी कोणाच्याही हातचं खाईन-पिईन. वस्तू धुऊन घरात घेणाऱ्या बापाच्या मुलीने. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांना एक दिवस लागला होता. त्यांना पाच वर्षं लागली. टिळकांचा दिवस चरित्रांमध्ये तारखेनिशी येतो.

*

आता टिळकांच्या विरुद्ध जी गोष्ट तेव्हाही बोलली गेली, ती. ख्रिस्ती झाला, मिशनचा पगार सुरू झाला, मग त्याग कसला?

हा टोमणा तेव्हाच्या ख्रिस्ती माणसाच्या पाचवीलाच पुजलेला होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ या भागाने त्याच काळात पाहिले, आणि अन्नासाठी बाटले हा शिक्का पोटात काहीही नसलेल्यांवरही सहज मारला जाई. टिळकांना तो बसणं चूक आहे. नागपूरला ते उपाशी नव्हते. पण टोमण्यातला एक कण खरा होता आणि तो त्यांना स्वतःलाच टोचत होता.

नगरला ते मिशनच्या विद्यालयात शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, नावामागे रेव्हरंड लागलं. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'चे संपादक होते. १८४२ मध्ये सुरू झालेलं ते पत्र मराठी ख्रिस्ती समाजाचा आवाजच. घरी कवींचा राबता होता. बालकवी ठोमरे त्यांच्याकडे राहून गेले. त्यांची भजनं चर्चमध्ये विलायती चालींच्या जागी अभंगाच्या, कीर्तनाच्या वळणाने गायली जाऊ लागली; आजही मराठी चर्चमध्ये ती असतात. सोडलेलं बरंचसं परत मिळालं होतं: मान, श्रोते, महिन्याच्या महिन्याला पगार. फक्त समाज बदलला होता.

आमच्या क्षेत्रात हे फार चांगलं कळतं. जुनी कंपनी तत्त्वासाठी सोडली म्हणायचं आणि नवीत वीस टक्के वाढ घ्यायची. मी केलंय.

टिळकांना आणखी एक गोष्ट सलत होती. पगार परदेशातून येत होता. ख्रिस्ताला या मातीतल्या भक्तांसारखं गावं असं म्हणणारा माणूस, आणि त्याच्या भाकरीचा हिशोब अमेरिकेतल्या मंडळापर्यंत जाणार. धर्मांतराने आपण परके झालो नाही, हे ते आयुष्यभर हिंदूंना सांगत राहिले. ते स्वतःला पटवणं त्यांना अवघड जात असावं, असा माझा अंदाज.

१९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांच्या वयात, त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. संन्यास घेतला. त्याच वर्षी 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही यात यावं, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी घर, गोत, बायकोचं कुंकू पणाला लावलं, त्याचीच अट त्यांनी काढून टाकली! मिशनमधल्या अनेकांना हे रुचणं शक्य नव्हतं. १८९५ मध्ये ब्राह्मण नाराज झाले, १९१७ मध्ये ख्रिस्ती. देवाच्या मागे जाताना ज्याने दोन्हीकडच्या माणसांना नाराज केलं, त्याच्यावर माझा जरा जास्त विश्वास बसतो. पहिल्या खेपेला सोडणं धाडसाचं असतंच, पण तेव्हा रक्त तरुण असतं आणि पलीकडे कोणीतरी उभं असतं. या वेळी पलीकडे कोणी नव्हतं.

दोनच वर्षं मिळाली. सातारा हे त्यांचं शेवटचं मुक्कामाचं ठिकाण. आजारी पडल्यावर त्यांना मुंबईला जे. जे. रुग्णालयात नेलं. ९ मे १९१९ ला ते गेले.

त्यांनी 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य सुरू केलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि थांबलं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने. मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या म्हणून त्या लिहायला बसल्या, त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. १९३४ पासून ते भागाभागाने पुस्तकरूपात आलं आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. मेलेल्या नवऱ्याचं देणं त्यांनी असं फेडलं. त्यांना कोणी रेव्हरंड म्हटलं नाही.

*

टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यामुळे साताऱ्याच्या अलीकडे, खंबाटकी घाटात एसटी रांगेत उभी असताना मी तुकोबांबद्दल विचार करत होतो, आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. आधी कधी आली नव्हती याची लाज वाटली.

सगळ्यांना ठाऊक असलेली कथा: तुकोबांच्या घरी वडिलोपार्जित महाजनकी, सावकारी. १६२९-३० च्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. मन संसारातून उठलं आणि त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. देवासाठी सगळं सोडण्याची मराठीतली सर्वांत मोठी खूण हीच. आत्याने ग्रुपवर दादासाठी हेच उदाहरण टाकलं होतं.

पण परंपरा याच कथेत आणखी एक तपशील सांगते. खतं बुडवण्याआधी त्यांच्या दोन वाटण्या झाल्या. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. तुकोबांनी बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. आणि ती खतं होती लोकांकडून येणं असलेल्या पैशांची. येणी होती ती. देणी नव्हती. गावातल्या कुणब्यांची मान त्यांनी सोडवली. स्वतःची मान सोडवून दुसऱ्याच्या गळ्यात फास टाकला नाही.

(आवलीला मात्र वाटा नव्हता. तिला कोणी विचारलं नाही. लक्ष्मीबाईंसारखं तिला लिहिता आलं असतं तर इंद्रायणीकाठच्या त्या दिवसाचं वर्णन काय असतं, कोण जाणे.)

फोल्डरमधल्या कागदांवर मी एकदा नजर टाकली. मूळ कर्ज, शिल्लक, हप्ता, उरलेली वर्षं. हे कुठल्याच नदीत बुडवता येत नाही. बुडवलं तर वहिनी बुडते.

*

आश्रमात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. दादा बारीक झालाय. हातात विळा होता, गोठ्यामागचं गवत कापत होता. मला पाहून मनापासून हसला. आधी जेव म्हणाला. भात, आमटी, वांग्याची भाजी. पंगतीत त्यानेच वाढलं. सगळं नीट, शांत. मला त्याचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, ही वेगळीच पंचाईत.

ओसरीवर बसून मी फोल्डर उघडलं. त्याने पूर्वीसारखं पहिल्या पानापासून सगळं वाचलं. शून्य मोजल्यासारखं वाचतो तो, कोड रिव्ह्यूलाही असाच करायचा. मग विचारलं, "मुदत वाढवली की व्याज किती जास्त जाईल एकूण, काढलंस का?"

"काढलंय. वहिनीने काढलंय."

तो गप्प झाला. सह्या करायला लागला. मी पुस्तक सॅकमधून काढून शेजारी ठेवलं.

"हे काय?"

"वहिनीने मला दिलं होतं. तुला ठेव."

त्याने नाव वाचलं, उलटसुलट करून पाहिलं. "आईकडे होतं हे," म्हणाला. मग, जरा वेळाने, "चिऊ कशी आहे?"

"पुढचा दात पडलाय. वरचा."

"डावा की उजवा?"

मला आठवेना. मी डावा म्हणून सांगितलं.

परतीच्या गाडीत, कराड सोडल्यावर, फोल्डर पुन्हा एकदा तपासलं. चौथ्या पानाच्या मागच्या बाजूला, जिथे सहकर्जदाराने हप्त्याची जबाबदारी मान्य असल्याची सही करायची असते, तो रकाना कोरा होता. मुद्दाम राहिला की पान उलटायचं राहून गेलं, सांगता येत नाही. ती बाजू दाखवायला मीही विसरलोच होतो. वहिनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पुढच्या शनिवारी मीच जाऊन येते. चिऊलाही नेईन."